रोजच्या हातातला खडा

"लंके, तुझ्या अंगठीला बुरशी आली का काय गं?"

मालनबाईंनी माझा डावा हात लिंबांच्या पाटीतून ओढला आणि उजेडात धरला. मालनबाई आमच्या लोणच्याच्या शेडवरची मुकादमीण. गंगापूर रोडला आतल्या बाजूला, जिथे तेव्हा अजून द्राक्षाचे मांडव होते, तिथे आमची पत्र्याची शेड होती. दिवसभर लिंबं चिरायची, मीठ भरायचं, पिंपात लोटायची. डाव्या हातात लिंबू, उजव्या हातात सुरी. रस सगळा डाव्या हातावरून कोपरापर्यंत वाहायचा.

मी बघितलं. लग्नात घातलं तेव्हा पोवळं पिकल्या मिरचीसारखं लाल होतं. आता ते खडूसारखं पांढुरकं झालं होतं, मध्ये खळगे पडले होते आणि एका कडेने तर कोंदणातून हलत होतं.

"असू दे," मी म्हटलं. "त्याच्यावाचून माझं काय अडलंय?"

"मग घालतीस कशाला?"

"नवरा जगावा म्हणून."

दोघी हसलो. हसायला नको होतं, असं मी आजही म्हणणार नाही.

आता नवऱ्याचं सांगते. नाव घ्यायचं नसतं म्हणे. मी घेते. गोरक्ष. चौऱ्याहत्तर साली आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या सासूने, सुलाबाईंनी, जोशीबुवांकडून माझी पत्रिका करवून घेतली. माझ्या वडिलांना जन्मतारीख विचारली, वेळ विचारली, त्यांनी सांगितली. मला कोणी काही विचारलं नाही. मी आत पोह्यांवर लिंबू पिळत होते. बाहेर निकाल लागला, की मुलीच्या आठव्या घरात मंगळ आहे आणि हा मंगळ नवऱ्याला जड जाणार. लग्न मोडायलाच आलं होतं. गोरक्ष अडून बसले, करीन तर हिच्याशीच. मग बुवांनी उपाय काढला. सोन्याच्या अंगठीत पोवळं, अनामिकेत, खालून उघडं, म्हणजे खडा कातडीला लागला पाहिजे. आणि अंगठी कधीच काढायची नाही. न्हाताना नाही, झोपताना नाही, बाळंतपणातसुद्धा नाही.

गोरक्ष ट्रकवर ड्रायव्हर. लासलगावला कांदा भरायचा आणि घाट उतरून मुंबईला न्यायचा. गाडी निघाली की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आधी माझं बोट बघायच्या, मग देवाला दिवा लावायच्या. त्यांचा जीव टांगणीला, आणि तो टांगलेला माझ्या बोटाला! सात वर्षं मी ते ओझं वागवलं. भाकरी थापताना पिठात, धुणं धुताना सोड्यात, आणि शेडवर लागल्यापासून लिंबाच्या रसात.

मालनबाईंनी हात धरला त्याच आठवड्यात कसारा घाटात गाडी उलटली. रस्ताभर कांदा पसरला आणि गोरक्षांचा पाय मांडीत मोडला.

दवाखान्यात आत्याबाई आणि मी पोचलो तेव्हा ते शुद्धीवर होते, पायाला वजन टांगलेलं होतं. मला बघून म्हणाले, "कांदा सगळा गेला गं." मी त्यांच्या उशाशी बसले आणि कपाळावरचा घाम पुसला. तेवढ्यात आत्याबाईंनी माझं मनगट पकडलं.

"दाव."

"काय?"

"बोट दाव!"

त्यांनी बोट डोळ्यांजवळ नेलं आणि वॉर्डभर ऐकू जाईल अशी किंकाळी फोडली. "गं बया! खाल्लंस! पोवळं खाल्लंस तू, आता माझं पोरगं खाणार!"

सगळ्या खाटांवरची माणसं माझ्याकडे बघायला लागली. सलाईन लावणारी नर्ससुद्धा. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"खाल्लं ते लिंबाने," मी म्हटलं. "मी खाते ती भाकर. आणि ती याच हाताने कमावून खाते."

"आई," गोरक्ष खाटेवरून म्हणाले, "ब्रेक गेले गाडीचे. ब्रेकला काय पोवळं बसवलं व्हतं का?"

"तू गप ऱ्हाय! तुला काय कळतंय?" आत्याबाई रडायला लागल्या. रडता रडता मला शिव्या देत होत्या आणि हाताने लेकाच्या अंगावरची चादर सारखी करत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मला धरून त्यांनी सराफ बाजारात नेलं. ज्यांनी अंगठी केली ते गोटीराम सोनार म्हातारे झाले होते, पण नजर तीच. त्यांनी भिंग लावून बघितलं आणि मला विचारलं, "काय काम करता बाई?"

"लोणच्याला लिंबं चिरते."

त्यांनी कपाळाला हात लावला. मग डबीतून पोवळ्याचा चुरा चिमूटभर बशीत घेतला, आतून लिंबाची फोड मागवली आणि पिळली. चुऱ्यावर बारीक बारीक बुडबुडे आले. आत्याबाई एक पाऊल मागे सरकल्या.

"घाबरू नका," गोटीराम म्हणाले. "हे काय खाणीतला दगड नाही. समुद्रातल्या किड्यांनी बांधलेलं घर आहे, चुन्याचं. चुन्यावर आंबट पडल्यावर दुसरं काय होणार? मोतीही त्याच जातीचा. ही सणावाराला मिरवायची रत्नं. घाम, सोडा, आंबट, काही सोसत नाही त्यांना. पाचू दिसायला राजा, पण भांड्यावर आपटला की गेला. रोज राबणाऱ्या हाताला टणक खडा पाहिजे."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"मला म्हणाले मंगळाचं पाहिजे. घालणारी बाई काय काम करते, ते कुणी सांगितलंच नाही."

हे ऐकून मला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं. सात वर्षांत कुणाच्या तरी तोंडी आलं, की बाई काय काम करते!

पण आत्याबाईंनी त्यातून भलतंच काढलं. दुकानाच्या पायरीवरच म्हणाल्या, "झालं तर मग. उद्यापासून लिंबं बंद. नवं पोवळं बसवू आन् घरात बसायचं."

"लिंबं नाही सोडणार मी."

"नवऱ्यापरीस लिंबं लाडकी का तुला?"

"नवरा खाटेवर आहे म्हणूनच सोडणार नाही. पोरांच्या तोंडात काय घालू, पोवळं?"

रस्त्यात माणसं थांबून ऐकायला लागली. ऐकू देत. मी एकच गोष्ट मागत होते. माझ्या हातातलं काम माझ्याकडे राहू दे आणि माझ्या नवऱ्याच्या मोडलेल्या पायाचं खापर माझ्या डोक्यावर फोडू नका. फार होतं का हे मागणं?

"जोशीबुवांनी सांगितलं तर ऐकशील?" आत्याबाई म्हणाल्या.

"चला. आत्ताच चला."

बुवा ओसरीवर पान लावत बसले होते. आत्याबाईंनी घडलं ते सगळं सांगितलं, थोडं न घडलेलंही सांगितलं. बुवांनी माझी जुनी पत्रिका काढून मांडीवर पसरली आणि गंभीर चेहऱ्याने वाचायला लागले. "जन्म, एक जून एकोणीसशे पंचावन्न. वेळ दिवेलागणीची. वृश्चिक लग्न. मंगळ आठवा..."

"थांबा," मी म्हटलं. "काय तारीख म्हणालात?"

"एक जून."

मला हसू फुटलं. आवरेना. पदर तोंडात कोंबला तरी आवरेना. आत्याबाईंना वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

"अहो बुवा, आमच्या गावच्या शाळेत सगळेच एक जूनला जन्मले! पुंजा एक जून, बहिरू एक जून, वाळूची तर तिन्ही भावंडं एक जून. गुरुजी नाव घालताना विचारायचे, पोर कधी झालं? आई सांगायची, कांदे काढत होतो तेव्हा. नाहीतर, थोरल्या जावेला गोवर आला होता तेव्हा. मग गुरुजी आपले एक जून टाकून मोकळे. गावातल्या सगळ्या बाया एकाच दिवशी अडल्या असत्या, तर सुईण कुठं कुठं पळाली असती?"

बुवांच्या हातातलं पान हातातच राहिलं. "तुमच्या वडिलांनी हीच तारीख सांगितली," ते हळू आवाजात म्हणाले.

"त्यांना दुसरी ठाऊकच नव्हती. ज्याला त्याला तीच सांगायचे."

माझं हसू तिथेच संपलं. कारण एकदम लक्षात आलं. सात वर्षं. सात वर्षं मी एका गुरुजींच्या आळसाचं पोवळं बोटात घालून फिरत होते. त्यापायी माझं लग्न मोडत होतं. त्यापायी मला वॉर्डभर लोकांसमोर नवरा खाणारी म्हटलं गेलं. मला इतका राग आला, की ओसरीवर उभंच राहवेना.

बुवा तसे सरळ माणूस. त्यांनी पत्रिकेची घडी घातली. "तारीख खोटी तर पत्रिका खोटी. खरी तारीख आणा, मी नवी मांडतो. तोवर कुठला खडा घाला म्हणून मी सांगणार नाही."

आत्याबाईंचा चेहरा पांढरा पडला. घरी आल्यावर म्हणाल्या, "उद्या तुझ्या आईकडं जाऊ."

एस्टीने चांदवड, तिथून पुढे चालत आमचं गाव. आई शेतावरच होती, विहिरीजवळ. माझी आई आक्काबाई, बोलायला फटकळ. विहीणबाई अशा अचानक दारात म्हटल्यावर तिने आधी पाणी दिलं, गूळ दिला आणि मगच कंबरेवर हात ठेवून विचारलं, "माझ्या लेकीनं काय केलं?"

"काय केलं नाय," आत्याबाई म्हणाल्या. "ती कवा झाली, तेवढं सांगा."

"कवा म्हंजी? ह्या हिरीला पाणी लागलं त्या दिवशी."

"तारीख?"

"तारीख कुठली आमाला! उन्हाळा व्हता. खाली सुरुंग लावला व्हता आन् वर खोपीत मी कळा देत व्हते. बार उडाला आन् ही रडली. मानसं वरडली, पाणी, पाणी! तिचा बाप पयला हिरीकडं पळाला का माझ्याकडं, ते नका इचारू."

"दिवेलागणीला ना?"

"कसली दिवेलागण? टळटळीत ऊन व्हतं डोक्यावर."

"मंग साल तरी कोणतं?"

"हीर झाली ते साल," आई म्हणाली. तिच्या दृष्टीने यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आत्याबाई विहिरीच्या काठावर बसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "आता कोणता खडा घालायचा गं? माझ्या पोराला कुणी राखायचं?"

माझा राग होता तो होताच. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या बाईची दयाही आली. गोरक्ष मांडीवर असताना त्यांचा नवरा गेलेला. तेव्हापासून बाई भीतच होती, आणि ती भीती ठेवायला तिला माझं बोट सापडलं होतं. पण म्हणून मी ते बोट जन्मभर पुढे करून ठेवायचं? ते माझ्याने होणार नव्हतं.

विहिरीतून काढलेल्या दगडांचा ढीग अजून बांधाला तसाच होता. सुरुंगाने फोडलेला काळा दगड, आणि त्यात मध्ये मध्ये चमकणाऱ्या पांढऱ्या गारगोट्या. लहानपणी आम्ही त्यांनीच खेळायचो. मी ढिगावर चढले आणि हरभऱ्याच्या घाट्याएवढी एक उचलली. एका बाजूने दुधी, एका बाजूने आरपार. पाण्यात बुचकळून आत्याबाईंसमोर धरली.

"मी वर आले त्या दिवशी हीपण वर आली. हा माझ्या जन्माचा खडा."

"येडी का काय तू? ह्यो धोंडा हाय."

"धोंडाच पाहिजे मला. रोज कामाला न्यायचाय."

माझी आई मोठ्याने हसली. आत्याबाई हसल्या नाहीत.

गारगोटी मी शेडवर नेली, फडक्यात बांधली आणि लिंबाच्या पिंपात सोडून दिली. मालनबाई बघत होत्या. म्हणाल्या, "आमच्या लोकांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच हे पत्रिकाबित्रिका सोडून दिलं बघ. तुला लय उशीर झाला."

"उशीर झाला, पण सुटले ना?"

"सुटलीस खरी, पण खडा सुटला नाही तुझा," त्या हसत म्हणाल्या. "हौस आहे तर घाल. हौसेला कोण नाही म्हणतंय?"

बऱ्याच दिवसांनी फडकं सोडलं. फडकं कुजलं होतं, गारगोटी होती तशी होती. ती घेऊन मी गोटीरामांकडे गेले. त्यांनी ती बोटात फिरवून फिरवून बघितली.

"सोन्याच्या कोंदणात गारगोटी? बाई, लोक हसतील."

"हसू देत."

"खडा मात्र चांगला आहे," ते म्हणाले. "पोवळ्यासारखे चार खाऊन बसेल." त्यांनी ती कुणाकडून तरी घासून घेतली, गोल केली आणि माझ्याच जुन्या कोंदणात बसवली. खाली मात्र पत्रा लावून बंद केलं. खडा कातडीला लागण्याची आता काही गरज नव्हती.

गल्लीत त्या अंगठीला लंकाबाईचा धोंडा असं नाव पडलं. आत्याबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. स्वयंपाक एकत्र, बोलणं पोरांमार्फत. गोरक्ष बरे झाले, थोडे लंगडत का होईना, पुन्हा गाडीवर गेले. चहा पिताना माझा हात ओढून घ्यायचे आणि अंगठ्याने खडा बोटाभोवती फिरवत बसायचे. म्हणायचे, "खडाबी तुझ्यासारखाच निघाला. काय केलं तरी मऊ पडंना." मी म्हणायचे, सोडा हात, उशीर होतोय. पण हात ओढून घ्यायचे नाही.

पुढे एकदा आमच्या मुलीने मासिकातून वाचून दाखवलं, की जूनमध्ये जन्मलेल्यांनी मोती वापरावा. मी म्हटलं, घ्या! म्हणजे त्या खोट्या तारखेचाही खडा धड एक नाही. एकाचं पोवळं, एकाचा मोती, आणि दोघंही लिंबाला भिणारे.

सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यात गोरक्ष गेले. कावीळ झाली. घाट नाही, ट्रक नाही, घरात खाटेवर गेले. शेवटी शेवटी डोळे, नखं, तळवे सगळं पिवळं झालं होतं. बोलवत नव्हतं, तरी अंगठा माझ्या अंगठीवरून फिरत होता. मग फिरायचा थांबला. मी ओरडून रडले. माझं माणूस गेलं होतं, भरल्या वॉर्डात माझ्या बाजूने बोलणारं एकुलतं एक माणूस.

त्यांना उचलायच्या आधी बाया माझ्याभोवती जमल्या. थोरल्या नणंदेने, सिंधुबाईने, माझ्या बांगड्या फोडल्या. मी फोडू दिल्या. तेव्हा भांडायला अंगात बळ नव्हतं. मंगळसूत्र काढलं, जोडवी काढली, कुंकू पुसलं. मग तिने माझं बोट धरलं.

"ही बी काढ."

मी मूठ आवळली.

"काढ म्हणते ना! हिच्यापायीच गेला माझा भाऊ. पोवळं टाकलंस आन् धोंडा घातलास. पोवळं असतं तर आज..." ती माझी बोटं उकलायला लागली. दुसऱ्या एकीने मनगट धरलं. सिंधुबाईची नखं माझ्या हातात रुतली.

"अंगठी निघायची नाही," मी म्हटलं. "बोट कापून न्या पाहिजे तर."

कोपऱ्यात आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. सकाळपासून त्या रडल्याही नव्हत्या. मला ठाऊक होतं आता काय होणार ते. सहा वर्षं गिळून ठेवलेलं आज सगळ्यांपुढे बाहेर पडणार, आणि आज माझी बाजू घ्यायला खाटेवरून कोणी बोलणार नव्हतं. मी मान वर केली. बोलू दे, म्हटलं. मी खाली बघणार नाही.

"सोड तो हात, सिंधे," आत्याबाई म्हणाल्या.

"आई, अगं सवाशिणीचं लेणं हाय ते, आता..."

"सवाशिणीचं नाय ते." आत्याबाई भिंतीचा आधार घेऊन उठल्या. लेकाच्या पायाशी आल्या, त्याच्या मोडून सांधलेल्या मांडीवर हात ठेवला आणि तिथूनच बोलल्या. "त्याच्यासाठी घातलं व्हतं ते लाल व्हतं. ते कवाच गेलं. ह्यो खडा तिच्या जन्माचा हाय. आन् ती जित्ती हाय अजून."

सिंधुबाईने हात सोडला. मग आत्याबाई तिथेच लेकाच्या पायाशी बसल्या आणि रडायला लागल्या, आणि मी सरकत जाऊन त्यांच्या शेजारी बसले.

तेरावं झाल्यावर मी शेडवर गेले. निघताना आत्याबाईंनी भाकर बांधून दिली. मालनबाईंनी माझ्या मोकळ्या मनगटांकडे बघितलं, मग बोटाकडे बघितलं आणि लिंबांची पाटी पुढे सरकवली. मी पहिलं लिंबू चिरलं. सिंधुबाईच्या नखांची जखम अजून भरली नव्हती, तिथे रस असा झोंबला, की डोळ्यांत पाणी आलं. खड्यावरून तो नुसता ओघळून गेला. मी दुसरं लिंबू उचललं.